शिरगाळीचा फेरा

बेळगाव,
शनिवार, १४ मार्च १९८७

प्रिय अंबू,

हे पत्र कचेरीच्या पत्त्यावर पाठवतोय, कारण तुझ्या घरचा पत्ता मला ठाऊक नाही. घरी कोण कोण असतं तेही ठाऊक नाही. पाकिटावर माझं नाव बघून तू ते न उघडताच फाडलंस तरी मी बोल लावणार नाही. साडेआठ वर्षांपूर्वी रायचूरहून तुझी दोन पत्रं आली होती आणि मी एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. पण जमलं तर वाच, आणि हातात पडेल त्याच दिवशी वाच. का, ते शेवटी कळेल. पहिल्या ओळीतच ते लिहावं म्हणून सकाळपासून तीन कागद घेतले आणि तिन्ही चुरगळले.

मी आता बेळगावात आहे. चार वर्षं झाली. फिरती सुटली, खुर्ची मिळाली, पण खुर्चीत माझं बूड ठरत नाही. सायबांनी हाक मारली की माझ्या आधी माझी खुर्ची आवाज करते, अशी कचेरीत चेष्टा चालते. शहापुरात दोन खोल्या घेतल्यात. शेजारच्या घरात माग चालतो, दिवसभर खटखट, आणि मला वाटतं मीच एकटा या गल्लीत रिकामा बसलोय. रविवार आला की सायकल काढतो आणि जातो कुठंतरी. गेल्या साहित्य संमेलनाला कडोलीला गेलतो. मांडवाच्या कडेला सायकल टेकवून अर्धा तास ऐकलं, आणि पुढचा वक्ता उभा राहायच्या आत निघालो. लोक विचारतात, कशाला गेलतास रं? मला सांगता येत नाही. पाय चालू असले की डोकं गप्प बसतं, एवढंच. माझी बायको शेवंता. आमचं लग्न होऊन सहा वर्षं झाली. ती म्हणते, "तुमच्या मागं कोण लागलंय ते एकदा सांगा तरी." गेल्या महिन्यापर्यंत मी तिला सांगितलं नव्हतं.

मोरबागच्या आरोग्य केंद्रात आलो तेव्हा मला जंगल ठाऊकच नव्हतं. निपाणीचा पोरगा मी. आई, सोनुबाई, तंबाखूच्या वखारीत कामाला. आमच्या घरी पाहुणा आला की आधी शिंकायचा, मग बोलायचा. आमच्या गल्लीतून सरकारी नोकरीला लागलेला मी दुसरा. हुकूम आला तेव्हा आईनं तो बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवला आणि वाचता येत नसताना दोन दिवस त्याच्याकडे बघत होती. काम काय, तर मलेरियाचा फिरता कामगार. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं, ताप कुणाला आहे विचारायचं, असला तर बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, चार गोळ्या द्यायच्या, दारामागच्या कार्डावर तारीख घालून सही करायची. काचपट्ट्या केंद्रात आणून द्यायच्या तुझ्याकडं. तू मायक्रोस्कोपखाली बघून सांगणार, कुणाच्या रक्तात काय आहे.

माझ्या वाट्याला आला तो नदीचा फेरा. लोंढ्याच्या अलीकडच्या फाट्यावरून आत शिरायचं, पांढरी नदीच्या डाव्या अंगानं खाली उतरत पाच वाडे करायचे, लाकडी साकवावरून नदी ओलांडायची, पलीकडं चौदा घरांचं शिरगाळी, तिथून रुळांपर्यंत चढ आणि रुळाच्या कडेनं परत. बावीस मैल. माझ्या आधीचे दोघं हा फेरा पायी करत, दोन दिवस लावत. मला सायकल मिळालेली, तेव्हा एका दिवसात करायचा असा हट्ट धरला. पहिल्या महिन्यात तीनदा तोंडावर पडलो. माट्टीच्या झाडांची मुळं वाटेवर सापासारखी आडवी, मधेच जांभ्या दगडाच्या पायऱ्या, कारवीच्या काड्या चाकाच्या तारांत अडकायच्या. पुढच्या चाकाकडं बघायचं नाही, दहा हात पुढं बघायचं. उतार आला की सीटवरून उठून अंग मागं टाकायचं. चिखलात ब्रेक दाबायचा नाही. हे सगळं पडून पडून आलं. आणि एकदा आल्यावर, अंबू, खरं सांगतो, त्या वाटेसारखं मला पुन्हा कशानंच जागं ठेवलं नाही. नदी उजव्या हाताला कधी दिसायची, कधी नुसती ऐकू यायची, आणि मी ती काळी, जड सायकल खांद्यावर घेऊन ओढे ओलांडत होतो. त्या काळात मला झोप छान लागायची.

सत्त्याहत्तरच्या नोव्हेंबरात तू म्हणालीस, "नुसतं रक्तच बघते मी. माणसं बघायची हायत." गावच्या मास्तरीणबाईंची लेडीज सायकल मागून आणलीस, पाचवारीचा काष्टा मारलास आणि निघालीस माझ्याबरोबर. मला वाटलं होतं पहिल्या वाड्यावरूनच परत फिरशील. तिसऱ्या वाड्याच्या उतारावर तू मला मागं टाकलंस. तिथल्या बाया दारात येऊन तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि तू घंटी वाजवत त्यांच्यामधून गेलीस. साकवाच्या अलीकडं बांबूचा काटा घुसून तुझं मागचं चाक बसलं, तेव्हा मात्र रडकुंडीला आली होतीस. शिरगाळीच्या नागोजीनं ते बघितलं. त्यानं ट्यूब काढून टाकली, भाताचा पेंढा ओला करून वळला आणि टायरमध्ये ठासून भरला. "जा आता लंडनपतोर," म्हणाला. त्याची बायको गुणाबाई. तिच्या बोटाला घट्टे पडून सुई आत जाईना, तेव्हा ती माझ्यावर ओरडली, "बोट कशाला टोचतोस रं? कातडं न्हाय ते, खुरपं हाय. कानाला टोच." तू हसून हसून अंगणात बसलीस. मग तिनं नाचणीची भाकरी आणि वालीची भाजी वाढली. जेवताना तिनं तुला विचारलं, "ह्यो तुझा कोण?" तू म्हणालीस, "हापिसातला." ती म्हणाली, "हापिसातल्याच्या पानात भाजी हाय काय नाय, हे दोनदा बघितलंस." पेंढ्याच्या चाकावर उड्या मारत आपण रुळांपर्यंत आलो. तू सगळ्या वाटेत बोलली नाहीस. मीही नाही. पण ते न बोलणं वाईट नव्हतं.

त्यानंतर तुझे थोरले बंधू केंद्रात आलते. परशराम त्यांचं नाव. माणूस बोलायला चांगला. मला चहाला घेऊन गेले, गाव विचारलं, वडील काय करायचे विचारलं, मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर अर्धा कप तसाच ठेवून उठले. हे मी तुला कधी सांगितलं नाही, आणि तू कधी विचारलं नाहीस. पण त्या आठवड्यापासून तुला स्थळं यायला लागली.

आता अठ्ठ्याहत्तरचा ऑगस्ट. अठरा तारीख, शुक्रवार. त्या दिवशी माझा नदीचा फेरा होता. आदल्या संध्याकाळी तू सांगितलंस की शिरोळीचा कुणी मुलगा तुला बघायला येणार, बंधूंनी निरोप धाडलाय, शुक्रवारी दुपारी लोंढ्याहून गाडीनं गावी जायचं. "फलाटावर येशील?" एवढंच म्हणालीस. तुला अंबू, आजवर वाटत आलंय की त्या दिवशी पुरानंच माझी शिरगाळीची वाट अडवली. तसं नव्हतं. साकव वाहून गेलेला होता हे खरं. पण साकव गेला तर उलट्या बाजूनं, रुळांकडून, शिरगाळीला जाता येत होतं. अकरा मैल जास्त. दिवस मावळेपर्यंत काम झालं असतं. गाडी मात्र चुकली असती.

मी नदीकाठी एका माट्टीखाली सायकल टेकवली. पाऊस नुकता थांबला होता. अंग दोन दिवस कणकणत होतं, मला वाटलं भिजल्यामुळं. शिरगाळीहून पावसाळ्यात एकही काच आली नाही तर विचारणा झाली असती. म्हणून मी पिशवीतून सहा काचपट्ट्या काढल्या, सुई काढली आणि डाव्या हाताची बोटं टोचली. सहा थेंब. कागदावर सहा नावं लिहिली. पहिलं नागोजी, दुसरं गुणाबाई. पुढची चार आठवतील तशी. मग पिशवी पाठीला लावून लोंढ्याला आलो आणि गाडी यायच्या आधी फलाटावर पोचलो. तू खिडकीत बसलीस आणि म्हणालीस, "मी सोमवारी नकार देऊन परत येते. मग काय व्हायचं ते होऊ दे." मी हसलो. बोटं खिशात घातलेली होती.

सोमवारी तू परत आलीस. नकार देऊन, बंधूंचं बोलणं खाऊन. त्याच सकाळी तुझ्यापुढं माझ्या काचा होत्या. अकराच्या सुमाराला मला आत बोलावलंस आणि दार लोटलंस. पुढं तू कसं बोललीस ते मला आजही शब्दागणिक येतं. "कृष्णात, सहा माणसांच्या रक्तात जंतू एकाच जातीचे असतील. पण एकाच वयाचे? एकाच मोजणीचे?" मग तू माझा डावा हात ओढून घेतलास, बोटांची टोकं बघितलीस, आणि माझ्या कपाळाला हात लावलास. तेव्हा मला कळलं की मलेरिया मलाच झालाय. तू चिडली नाहीस. चिडली असतीस तर मला बरं वाटलं असतं. चार गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्यास, नवीन काचपट्ट्या दिल्यास आणि म्हणालीस, "आत्ता नीघ. रुळाकडनं जा. खरं रक्त आण. तोवर मी वहीत काही चढवत न्हाय."

तो फेरा मी उलटा केला, अंगात ताप घेऊन. रुळाच्या कडेच्या खडीत चाक फिरेना, म्हणून बराच वेळ सायकल ढकलतच नेली. नदीवरच्या रेल्वेपुलावर सायकल खांद्यावर घेतली आणि एकेक लाकडी स्लीपर मोजत पलीकडं गेलो. खाली पाणी लालभडक आणि त्याचा आवाज पोटात ऐकू येत होता. एकदा थंडी अशी भरून आली की पुलाच्या मध्यावर बसून राहावंसं वाटलं. पलीकडं शिरगाळीचा उतार. चढताना जिथं नेहमी धाप लागायची तोच रस्ता आता पायाखालून पळत होता. ब्रेकचं रबर झिजून संपलेलं, मी चप्पल मागच्या चाकावर दाबून वेग आवरत होतो. एका वळणावर सायकल करवंदीत गेली, मी तिच्यावर. उठलो. चारच्या सुमाराला वाडा दिसला.

नागोजी आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, गेला होता. बुधवारपासून ताप, शनिवारी बडबडायला लागला, रविवारी संपला. गुणाबाई आत पडलेली, डोळे उघडे, पण ओळख नाही. तिची धाकटी जाऊ, मालुबाई, तिच्या उशाशी बसलेली. ती म्हणाली, "भावजी शुक्करवारी दिवसभर वाटंकडं बघत हुते. म्हणायचे, आज गोळीवाला येनार. आज त्याचा दीस हाय."

अंबू, हे वाक्य मी तुला कधीच सांगितलं नव्हतं.

गोळ्या कुटून पाण्यात कालवल्या आणि चमच्यानं गुणाबाईच्या ओठांत सोडल्या. काचांवर रक्त घेतलं, या वेळी खरं. मग दोन गड्यांनी बांबूला घोंगडी बांधून डोली केली. रुळांवर काम करणारी गँग सहाला आपली ढकलट्रॉली घेऊन परत जायची. ती गेली असती तर बाईला लोंढ्यापर्यंत खांद्यावरच न्यावं लागलं असतं, आणि तेवढा वेळ तिच्याकडं नव्हता. म्हणून डोलीच्या पुढं मी सायकल दामटली. तो चढ मी आयुष्यात कधी न उतरता चढलो नव्हतो. त्या दिवशी चढलो. वर पोचलो तेव्हा ट्रॉली हलायला लागलेली. मला ओरडता येईना, म्हणून मी सायकल रुळावर आडवी टाकून दिली. गँगचा मुकादम मारुतीराव शिव्या देत खाली उतरला, आणि मी कसंबसं 'गुणाबाई, डोली' एवढंच म्हटलं. "बाई जित्ती हाय न्हवं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "हाय. लई लांब न्हाय, येत्यात." त्यानं ट्रॉली थांबवली. गुणाबाई लोंढ्याला पोचली, सलाइन लागलं, जगली. मी तिथंच पायरीवर आडवा झालो.

दोन दिवसांनी शुद्धीवर आलो तोवर तू सगळं उरकलं होतंस. माणूस मेलाय म्हटल्यावर वरून सायब आले, शिरगाळीच्या अठरा तारखेच्या काचा फेरतपासणीला मागितल्या. तू सांगितलंस, काचा हातातून पडून फुटल्या. शुक्रवारी काचा आल्या, तू त्या न बघताच गावी निघून गेलीस आणि सोमवारी फोडल्यास, असं कागदावर झालं. शनिवारी बघितल्या असत्या तर नागोजी वाचला असता, असंही कोणीतरी लिहिलं. मी खाटेवर असताना तू भेटायला आलीस. मी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणालीस, "गप्प पड. तुझ्या घरातली पयली नोकरी हाय ही. माझं काय, लांब फेकतील, त्याच्यापेक्षा जास्त न्हाय." महिन्याच्या आत तुला रायचूर दाखवलं. मला प्रशस्तिपत्र मिळालं. तापानं फणफणत असताना रुग्णाला वाचवलं म्हणून. ते आईनं बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवलं. तुझी गाडी लोंढ्याहून सुटली त्या दिवशी मी फलाटावर आलो नाही. फेऱ्यावर गेलो.

तू माझी नोकरी वाचवलीस असं तुला वाटलं. तुला हे ठाऊक नव्हतं की शिरगाळीत पोचल्यावर, गुणाबाईला डोलीत घालत होते तेवढ्या वेळात, मी चौदा घरांत फिरलो आणि चौदा दारांमागच्या कार्डांवर अठरा ऑगस्ट घालून सही केली. नागोजीच्या दारामागंही केली. आत बायका रडत होत्या. वाचता कुणालाच येत नव्हतं. ताप होता मला, पण हात थरथरला नाही. तुझी दोन पत्रं आली तेव्हा उत्तर लिहायला बसलो की तो हात दिसायचा. तू मला जेवढा चांगला समजत होतीस तेवढाही मी नव्हतो. म्हणून लिहिलं नाही. हे कारण म्हणून सांगत नाही, झालं ते सांगतोय.

फेब्रुवारीत तुझी फाइल माझ्या मेजावर आली. वरच्या जागेसाठी तू अर्ज केलायस, आणि अठ्ठ्याहत्तर सालचा शेरा पडताळून कळवा असं तिकडून आलंय. कन्नडात एकच ओळ: निष्काळजीपणामुळे तपासणीस विलंब, परिणामी रुग्ण दगावला. म्हणजे साडेआठ वर्षं हे वाक्य तुझ्याबरोबर चाललंय. सायबांनी माझ्याकडं फाइल सरकवून सांगितलं, "तुम्ही त्या भागातले, दोन ओळी लिहून द्या, शेरा कायम म्हणून." मी अकरा दिवस ती फाइल रोज उघडली आणि रोज बंद केली. रोज संध्याकाळी सायकल काढून कधी सांबरा, कधी येळ्ळूर, कधी हिंडलग्याकडं जात होतो आणि परत येत होतो.

बाराव्या दिवशी शेवंताला सगळं सांगितलं. तुझ्यासकट. ती तांदूळ निवडत होती, निवडणं थांबवलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "ती बाई दिसायला कशी हुती?" मी सांगितलं. मग म्हणाली, "खाऊपिऊचं बघू आपण. मला शिवण येतंय. पण आदी त्या मेलेल्या मानसाच्या बायकोला सांगा, आन् मग कागद द्या. हिला त्याच्यानंतर लिवा." ती आत गेली. त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या सायकलच्या कॅरिअरला भाकरीचं फडकं बांधलेलं होतं.

मागच्या रविवारी लोंढ्यापर्यंत सायकल गाडीत घालून गेलो आणि तिथून फेरा केला, सरळ, डाव्या अंगानं. साकवाच्या जागी आता सिमेंटचा पूल आहे. वाट मात्र पुष्कळ ठिकाणी मोडलीय. माझ्या जागी आलेला कामगार रुळाकडूनच येतो-जातो म्हणे. चौतिसाव्या वर्षी गुडघे बोलायला लागलेत. तरी त्या उतारांवर अंग आपोआप मागं जात होतं. मला भीती एवढीच की मी मध्येच परत फिरेन. फिरलो नाही.

गुणाबाई अंगणात सुपारी सोलत होती. केस पांढरे झालेत. मला बघून उठली, "गोळीवाल्या, कवा आलास रं?" म्हणून हसली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. फलाट, माट्टी, बोटं, कार्ड, सगळं. तिनं मध्ये एकदाच विचारलं, "शुक्करवारी गोळी गावली असती तर आमचं मानूस ऱ्हायलं असतं?" मी म्हटलं, "असतं बहुतेक." तिनं हातातली सुपारी खाली ठेवली. मग म्हणाली, "आनि मी इतकी वर्सं त्या पोरीला शिव्या घातल्या. काच फोडली म्हनून. माझ्या घरात जेवली, आनि माझं कुकू पुसलं, असं बोलायची मी गावभर." तिनं मला मारलं असतं तर चाललं असतं. तिनं पाणीसुद्धा विचारलं नाही. मी सायकल वळवली तेव्हा मागून हाक आली. मला वाटलं माफी असेल. तसं काही नव्हतं. ती म्हणाली, "तुझं तू बघ. पर त्या पोरीला सांग, गुणाबाईनं शिव्या मागं घेतल्या. सांगशील न्हवं? का हेबी न्हाय?"

तेव्हा सांगतोय.

आता आजच का वाच म्हटलं ते. काल शुक्रवारी मी सायबांच्या हातात चार पानी जबाब दिला. शेरा खोटा आहे, काचा माझ्याच रक्ताच्या होत्या, कार्डांवरच्या तारखा मी मागाहून घातल्या, आणि तपासणाऱ्या बाईंनी मला त्याच दिवशी परत पाठवलं म्हणून एक जीव तरी वाचला. सायबांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "तुला वेडबिड लागलं काय?" येत्या सोमवारपासून मी निलंबित. चौकशी करणारे अधिकारी पुढच्या आठवड्यात रायचूरला तुझ्याकडं येतील आणि तुला एकच विचारतील, काचा खरंच फुटल्या होत्या का. मला तू ओळखून आहेस तेवढंच मी तुला ओळखतो. तू पुन्हा म्हणशील, व्हय, माझ्याच हातातून फुटल्या. शेवंता आहे, आई आहे, यांचं काय होईल याचा विचार करशील, आणि मला पुन्हा एकदा वाचवशील. तसं करू नकोस, अंबू. हे पत्र त्याच्यासाठीच लिहिलं. तू खोटं बोललीस हे कागदावर आलं तर थोडा ठपका तुझ्यावरही येईल, मला ठाऊक आहे. पण एका माणसाचा जीव तुझ्या नावावर राहणार नाही. तो माझ्या नावावर आहे, तिथंच राहू दे. ते विचारतील तेव्हा जे बघितलंस ते सांग, आणि माझ्याकडं बघू नकोस.

तुझाच, जुन्या केंद्रातला,
कृष्णात